दारालगतचा कागद

दुपारचं जेवण झालंय आणि मी रिकाम्या खोलीत सतरंजीवर आडवी पडलेय. डोळा लागलाय की नाही, तेही धड कळत नाही. समोरच्या भिंतीवर बदामी कागद, त्यावर हिरवे वेल. दस्तगीर मिस्त्री ओला फडका मारून गेलेत, त्यामुळे दाराजवळ कागदाची कड सुटून बाहेर आलीय. "भिजू दे वहिनी," जाताना म्हणाले, "मी चहा पिऊन येतो. मग सांगा, खरवडून काढायचा की वरूनच रंग मारायचा. वरून मारला तर लवकर मोकळ्या व्हाल. पण फुगे धरणार, आत्ताच सांगून ठेवतो."

मला काढायचाय. ह्यांना नकोय. सकाळपासून आमचं त्यावरून वाजलंय.

"कागदाला हात लावायचा नाही!" एरवी भाजीत मीठ नसलं तरी ह्या माणसाला कळत नाही, पण आज आवाज केवढा चढला! मी म्हटलं, "अहो, बाळंतिणीची खोली आहे. ओल धरलेला जुना कागद तान्ह्याच्या उशाशी ठेवायचा का?" तर ताट सरकवून उठून गेले.

परवा तृप्ती येतेय. पहिलं बाळंतपण, सातवा सरत आलाय. ती माझ्या पोटची नाही, हे अख्ख्या कराडला माहीत आहे आणि आम्हा दोघींच्या लक्षातही राहत नाही. तिची आई हेमलता, ह्यांची पहिली बायको. तेव्हा ह्याच खोलीत स्वयंपाकघर होतं. इथेच स्टोव्हवर जळून गेली बिचारी. तृप्ती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. दार आतून लावून पेटवून घेतलं, असं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. तृप्तीला शाळेत कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून पोरीच्या मनात तेच घर करून बसलंय. काल फोनवर रडत होती. "आई, मी तिला नकोच होते गं. टाकून गेली मला. आणि मीपण तसलीच निघाले तर? बाळ हातात दिलं आणि मला काहीच वाटलं नाही तर?" मी पुष्कळ समजावलं. पण समजावणार काय, कपाळ माझं! बाई असं का करेल, हे मला तरी कुठे कळलंय?

डोळे मिटतात. भिंतीवर कागद टर्रकन वाजतो.

मी रॉकेलच्या रांगेत उभी आहे. दुकान रेशनचंच आहे, पण भिंतींना आमचाच बदामी कागद. सगळ्या बायका पाठमोऱ्या. माझ्या पुढची वळते, ती हेमलता. तिला मी फक्त फोटोत पाहिलंय. लग्नात मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात तिचा चांदीचा टाक घातला होता, वारलेल्या सवतीचा घालतात तसा. तेव्हापासून मी तिला ताई म्हणते, सणावाराला पहिलं पान ताईंचं वाढते. आणि ही समोर बघते तर एवढीशी पोर! तृप्तीपेक्षाही लहान. घट्ट वेणी घातलेली, कपाळावर घाम.

"अगं बाई," मी म्हणते, "तुला ताई म्हणायचं तरी कसं?"

"नका म्हणू. थोरल्या तर तुम्हीच दिसताय." हसते. "हा कॅन धरा ना जरा. जड झालाय."

मी धरते. रिकामाच आहे, पण हात खाली ओढला जातो.

"कागद काढणार ना?" ती विचारते.

"मला काढायचाय गं. हे नको म्हणतात. वरून रंग मारा म्हणतात."

"म्हणणारच. त्यांनीच चिकटवलाय. माझं तेरावं व्हायच्या आत. खळसुद्धा स्वतः शिजवली, कुणाला खोलीत येऊ दिलं नाही."

"जळ्ळा मेला तो कागद!" मी बोलून जाते आणि जीभ चावते.

तिला मात्र खुदकन हसू येतं. रांगेतली एकही बाई वळून बघत नाही.

आम्ही घाटाच्या पायरीवर बसलोय. कृष्णेला पाणी आहे, पण ते हलत नाही. तिचे पाय पाण्यात आहेत आणि कोरडे आहेत.

"पोर कशी आहे?" ती पाण्याकडे बघत विचारते.

"बरी आहे. दिवस गेलेत तिला. पण तुझ्यावर रागावलीय."

"माझ्यावर? का?"

"टाकून गेलीस म्हणून."

तिचा चेहरा बदलतो. मला भीती वाटायला लागते. मी उठायला बघते, तर पायरी दगडाची नाही, गुळगुळीत फरशी लागते हाताला.

"असं सांगितलं तिला?"

"सगळे तेच म्हणतात. दार आतून लावलं होतंस ना तू?"

"चला," ती म्हणते आणि माझं मनगट पकडते. पकड जोराची आहे.

स्वयंपाकघर. हीच खोली, पण भिंती पांढऱ्या, ओटा आहे, ओट्यावर पितळी स्टोव्ह आणि दुधाचं पातेलं. माझ्या पाठीमागे दार लागतं. मग बाहेरून कडी सरकते. तो आवाज मी ऐकते, अगदी स्पष्ट ऐकते.

"डोकं थंड होईपर्यंत बस आत!" बाहेरून आवाज येतो. सासूबाईंचा. त्या जाऊन किती वर्षं झाली, पण तो आवाज मी विसरेन का?

"भावाच्या लग्नाला जाऊ द्या म्हणाले मी, एवढंच," हेमलता मला सांगते. तक्रार नाही, गाऱ्हाणं नाही. तिने पदर खोचलाय. "नेहमीचंच आहे त्यांचं. उघडतील मग. तोवर दूध तापवून घेते, पोर उठेल एवढ्यात."

"पंप मारू नकोस!" मी ओरडते. माझा आवाज बाहेर पडत नाही.

ती पंप मारते. दाराच्या पलीकडे लहान मूल रडायला लागतं. ती मान वर करून म्हणते, "आले गं, आले." आणि भडका उडतो.

मी दारावर हात आपटतेय. दार हलत नाही. शेजारची भिंत चटके देतेय तरी मी तीच चाचपडतेय, काहीतरी धरायला मिळेल म्हणून. बाजूला तीही आहे, तीही आपटतेय. बाहेर पोर रडतेय. आणि ह्या सगळ्यात माझ्या कानाशी ती अगदी हळू बोलते.

"बाई, आतून कडी असती, तर मी काढली नसती का?"

मी जागी होते तेव्हा उभी आहे. सतरंजी मागे राहिलीय आणि मी दाराशेजारी भिंतीला चिकटून उभी आहे. हातात कागदाची लांबलचक पट्टी आहे, ओली, चिकट. माझी नखं काळी झालीत. काजळी. जिथला कागद निघालाय तिथे भिंत काळीकुट्ट आहे, आणि त्या काळ्यावर बोटांचे फराटे आहेत. छातीएवढ्या उंचीपासून खाली, एकाखाली एक, सगळे दाराच्या चौकटीकडे गेलेले. ते माझे नाहीत. माझ्या बोटांनी त्यावरचा नुसता कागद ओढलाय. फराट्यांवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा तसाच आहे.

मी दाराबाहेर जाते आणि दाराची बाहेरची बाजू बघते. तिथे स्क्रूची भोकं आहेत, पुट्टी भरून बुजवलेली. इतकी वर्षं मी त्यावरून फडका मारतेय. कधी मनात आलं नाही, इथे काय होतं म्हणून.

मागे हे उभे आहेत. कधी आले कोण जाणे.

"काय केलंस हे?"

"कडी बाहेरून होती," मी म्हणते.

हे भिंतीकडे बघतात. मग उंबऱ्यावरच बसतात.

"आईने लावली होती," शेवटी म्हणतात. "भांडण झालं की लावायची. त्या दिवशी लावून शेजारी जाऊन बसली. मी आलो तेव्हा पोर दाराशी रडत होती. कडी सरकवून दार मी उघडलं, मग ती कडीच काढून टाकली. पोलीस आले, आई थरथरत होती. मी म्हणालो, आतून होती."

"आईला वाचवलंत. आणि पोरीला?"

"आता कशाला उकरतेस? ह्या अवस्थेत तिला धक्का बसला, काही कमी-जास्त झालं तर? पाया पडतो तुझ्या. रंग मारून टाक."

मला ह्या माणसाची दया यायला हवी. म्हातारा झालाय. पण नाही येत. संताप येतो, आणि तृप्तीचा कालचा रडका आवाज कानात येतो. धक्का म्हणे! आई आपल्याला टाकून गेली, ह्यापेक्षा मोठा धक्का कुठला असतो? तो तर पोर लहानपणापासून रोज खातेय, आणि आता पोटातल्या बाळाची भीती घेऊन बसलीय.

मिस्त्री चहा पिऊन परत येतात. "काय ठरलं, वहिनी?" म्हणत आत पाऊल टाकतात, आणि भिंत बघून बादली हळूच खाली ठेवतात.

"सगळा काढा," मी म्हणते. "फक्त ह्या दाराशेजारच्या भिंतीवर पुट्टी नको, रंग नको. आधी ती मुलीला बघू दे."

"अगं, थांब," हे म्हणतात. मी थांबत नाही. सतरंजीवरचा फोन उचलते. बोटं काळीच आहेत, पुसत बसत नाही.

"आई? आज झोपली नाहीस दुपारची?"

"तृप्ती, जावईबापू आहेत ना घरात? त्यांना जवळ बसव. तूही टेकून बस. बसलीस?"

"बसले. काय झालं गं? घाबरवू नकोस."

"तुझ्या आईने दार लावलं नव्हतं. बाहेरून कडी होती. तुझे बाबा समोर बसलेत, त्यांनी आत्ता सांगितलं. भिंतीवर तिच्या बोटांचे फराटे आहेत, दाराकडे गेलेले; ती दारावर धडका देत होती गं. तू बाहेर रडत होतीस आणि ती तुझ्याकडे यायला बघत होती."

पलीकडे जावई काहीतरी विचारतात, ते ती ऐकत नाही बहुतेक. मी फोन कानाला घट्ट धरून उभी आहे.

मग ती म्हणते, "परत सांग."

मी परत सांगते.