मोडली न्हाय, हालवली

विश्वनाथअप्पा कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघत. खुर्चीच कशाला, लग्नाच्या मांडवात गेले तरी आधी मेढीला हात घालत. यजमान बिचारा ओशाळून जाई. अप्पा मात्र खुशाल म्हणत, "बघून बसल्यालं बरं असतंय. पडल्यावर कोण उचलाया येतंय?" परंड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांची लाकडाची वखार होती. माझे वडील सुतार, त्यामुळे मी त्या वखारीतच वाढलो. वडिलांनी मला रंधा धरायला शिकवला, पण लाकूड ओळखायला अप्पांनी. दुसऱ्या वडिलांच्या जागी होते ते मला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मला एवढं का लागलं ते कळेल.

दुष्काळात अख्खं गाव खडी फोडायला जात होतं, तेव्हा मी धाराशिवहून सुतारकामाचा कोर्स करून परत आलो. दारं-खिडक्या कोण करून घेणार? पण टिकाव-फावड्यांचे दांडे सारखे मोडत, आणि ते बसवायला माझ्याकडे रांग लागे. त्याच सुमारास गावात सुतार-लोहारांची सोसायटी निघाली. वयानं आणि आवाजानं मोठे म्हणून अप्पा तिचे चेअरमन झाले. सोसायटीमार्फत एका जणाला मोटारीवर चालणारी करवत मिळणार होती. अट एकच, त्याची स्वतःची शेड हवी, आणि साहेब ती येऊन बघणार. ती करवत मिळाली तर मला गाव सोडावं लागणार नव्हतं. नाहीतर कुर्डुवाडीला गाडी धरून पुण्याच्या कारखान्यात जायचं, हे ठरलेलंच होतं.

आमचं घर एका खोलीचं. शेड घालायची कुठं? अप्पा म्हणाले, "माझं परस मोकळंच हाय की, दिगू. जागा माझी, शेड तुझी. पर पाया घ्यायचा न्हाय."

"का हो अप्पा?"

"पाया घेतला की पक्कं बांधकाम झालं. मग पंचायत येती, तलाठी येतो, भावकी येती. बिनपायाच्या शेडला कुणी इचारत न्हाय."

आमच्या बांधावरचा वाळून कोळ झालेला लिंब वडिलांनी पाडला, त्याच्या तुळया केल्या. अप्पांनी परसातली माती चोपून घेतली आणि सपाट दगड मांडले. दगड एका पातळीत आले का, हे बघायला नळीत पाणी भरलं. काम झाल्यावर ते तांब्याभर पाणी अप्पांनी जपून जास्वंदीला घातलं. दगडांवर डांबर लावलेल्या तुळया, तुळयांवर बोल्टानं आवळलेले खांब, तिरके आधार, वर पत्रे. "लाकूड मातीला टेकू द्यायचं न्हाय," ते बजावत, "टेकलं की वाळवीला जेवाण वाढलं म्हून समज." वाऱ्याचं काय, असं मी विचारलं तर कोपऱ्यांना तारा बांधून त्या जमिनीत ठोकलेल्या पहारींना ताणल्या. इतकी देखणी शेड झाली, की आई रोज काहीतरी निमित्त काढून बघायला येई.

दुपारचं ऊन आत यायला लागलं, तेव्हा अप्पांना लहर आली. गवताचं छप्पर उचलून दुसरीकडे ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. त्यांनी गल्लीतले गडी बोलावले, तारा सोडल्या, तुळयांखाली बांबू घातले आणि "उचला रं!" अशी आरोळी ठोकली. माझी शेड पालखीसारखी उठली आणि परसातल्याच दुसऱ्या लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. एक बोल्ट करकरला नाही. मी तर टाळ्या वाजवल्या. अप्पा म्हणाले, "आता ही कुठंबी जाईल." तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

साहेबांना आणायला मी धाराशिवला गेलो. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून त्यांना थेट परसात नेलं. परसात दगडांची रांग होती, आणि उन्हात माझं कामाचं बाकडं, त्याला लाकूड आवळायचा शेगडा तसाच लावलेला. शेड नव्हती. साहेबांनी दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय दाखवताय मला?" धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

अप्पांच्या जावयाला फाट्यावर खताचं दुकान टाकायचं होतं. दोन बैलगाड्या जोडून शेड तिकडे गेली होती. उचलायला गल्लीतलेच गडी होते. मी त्यांच्यावर तुटून पडलो, तर त्यातला एक चाचरत म्हणाला, "आरं, अप्पा म्हनलं, दिगूनंच सांगितलंय." माझी शेड त्यांनी माझ्याच नावानं उचलायला लावली होती.

अप्पा वखारीत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, खाली मान घातली नाही, काही नाही. "मोडली न्हाय रं, हालवली," म्हणाले. "एवढं तोंड करायचं काय कारण?" मी आल्या पावली मागं फिरलो. करवत दुसऱ्या गावच्या सुताराला गेली आणि मी पुण्याला.

पुण्यात मी पुढे शेड घालण्याचंच काम धरलं. दगड, डांबर, तिरके आधार, सगळं अप्पांचं. हात त्यांचेच चालत आणि मन त्यांच्यावर जळत असे. तरी मनातल्या मनात मी त्यांची बाजू घ्यायचो. म्हातारा माणूस, जागा त्याची, मेहनतही त्याची, त्याला ती शेड आपलीच वाटली असेल. ही एवढी समजूत नसती तर मला गावाचं तोंड बघवलं नसतं.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. उशाशी बसलेल्या पाहुण्यांना त्यांनी कौतुकानं सांगितलं, "ह्याला म्या शिकवलं. आता पुण्यात शेडा घालतो." मग पाहुणे चहाला उठले आणि आम्ही दोघेच राहिलो. मी म्हणालो, "अप्पा, ती शेड माझी होती."

"व्हय की. तुझीच हुती," ते म्हणाले. आवाज अगदी साधा.

"मग?"

"दुकान मिळाल्याबिगर जावई लेकीला नांदवत नव्हता. त्यो गप बसणारा न्हवं. तू बसशील, हे ठावं हुतं मला."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मला आतून ओळखणारं ते एकच माणूस होतं, आणि त्या ओळखीचा उपयोग त्यांनी असा केला. त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांची मान हातावर घेऊन पाजलं, आणि दुपारच्या गाडीनं निघून आलो. पुढे ते गेल्याचं कळलं, पण मातीला गेलो नाही.