लडकूचा सदरा

आमचा लडकू कामतघरच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला. मे महिन्यात शेडमध्ये सगळे बनियनवर, नाहीतर उघडेच, आणि हा बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. वर चिमटीत सदरा धरून सारखा छातीपासून पुढे ओढायचा. मी त्याची मोठी वहिनी, कौसल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत फिरत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. मला वाटायचं, लाजाळू आहे मेला.

शहात्तर साली त्याचं लग्न ठरलं, मानकोलीच्या मैनाशी. हळदीचा दिवस निघाला आणि याचं जेवणच तुटलं. शेवटी एकदा चुलीपाशी येऊन बसला.

"वयनी, हलदीला सदरा काढाया लागंल ना?"

"मग काय, कोट घालून बसशील?"

तो हसला नाही. त्याने सदरा वर केला. छाती बाईमाणसासारखी भरलेली, आणि तिच्यावर लूमच्या कोऱ्या कापडाची पट्टी करकचून आवळलेली.

"मिसरूड फुटलं तवापासनं हाय," तो म्हणाला. "वयनी, आपरेशन करून टाकतो. हलदीच्या आधी."

देवा रे! आणीबाणीच्या त्या साली ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच, नसबंदी. नवरा मुलगा पट्ट्या बांधून दवाखान्यातून आला असं मानकोलीला कळलं असतं, तर सोयरीक तिथेच मोडली असती. सासूबाईंना बस्त्याचं कापड बघायला जातो असं सांगितलं आणि मी त्याला ठाण्याला एका सर्जनकडे नेलं.

डॉक्टरांनी मला बाहेर बसवून सगळं तपासलं. मग मला आत बोलावून त्याला विचारलं, दुखतं का, छातीतून पाणी येतं का, काही औषध घेतोस का. तेव्हा कळलं की हा शहाणा बाजारातून ताकदीची पूड आणून खात होता.

"ती आधी बंद," डॉक्टर म्हणाले. "वाईट गाठ नाही. वयात येताना पुष्कळ पोरांना असं होतं, बहुतेकांचं आपोआप जातं. तुझं राहिलं. कापता येईल, पण नीट ऐक. व्रण राहतील. तिथली कातडी बधिर होऊ शकते. दोन्ही बाजू सारख्या होतीलच असं नाही. रक्त साचलं तर पुन्हा उघडावं लागेल. महिनाभर जड उचलायचं नाही. आणि हळदीच्या घाईसाठी मी सुरी धरणार नाही. पूड सोड, काही महिने थांब, बायकोला सांग, मग दोघं या. ही पट्टी मात्र आजच सोड, खाली कातडी सडतेय."

मी धीर करून विचारलं, "संसाराला काही अडचण?"

"काहीसुद्धा नाही, बाई."

मी तिथेच डोळ्याला पदर लावला. घरी आल्यावर रोज विचारायची, पट्टी सोडलीस ना? रोज म्हणायचा, सोडली.

हळदीच्या दिवशी मांडवात बायकांनी हळदीचे धवळे गायला घेतले, तरी हा खोलीबाहेर येईना. पळून तर नाही ना गेला? आला एकदाचा, सदरा घालूनच, आणि पाटावर बसला. मी वाटी घेऊन पुढे सरसावले. ठरवलं होतं, पहिला हात माझा, आणि असा जाड लेप थापते की कुणाला काही दिसायला नको.

"काड रं सदरा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बटणं काढली. सदरा उतरला. मागून रघू, आमचा चुलत दीर, खिदळला, "आरं, ह्यो नवरा का नवरी!" मेल्याच्या थोबाडीत द्यायला मी वळले, तोच सासूबाईंनी किंकाळी फोडली.

छातीपासून पाठीपर्यंत लाल वळ. काखेखाली कातडी सोललेली, ओली. मुडद्याने पट्टी त्याच सकाळी सोडली होती.

"कुनी बांदलं तुला? सांग रं, माज्या लेकराला कुनी मारलं?"

धवळे थांबले.

"कुनी न्हाय, आये," लडकू म्हणाला. "मीच."

रघूने मान खाली घातली. सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी घेतली, बोटाच्या टोकावर हळद घेतली आणि वळ चुकवून त्याच्या छातीला लावली. मग वाकून जखमांवर फुंकर घालायला लागल्या.

"लई झोंबतं का रं?"

लडकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आता न्हाय, आये."