ओटा हलणार नाही

डेपोत तिला सगळे 'अर्धं तिकीट' म्हणत. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली की खालून कुणी दिसायचंच नाही, बस आपली आपणच निघाली असं वाटायचं. पण हीच बाई भरगच्च बस अरुंद गल्लीतून उलटी बाहेर काढायची तेव्हा टवाळखोरांची तोंडं आपोआप बंद व्हायची. सीट पुढे ओढायची, पाठीला उशी लावायची आणि ब्रेक असा दाबायचा की उभ्या प्रवाशाचाही तोल जाऊ नये. तिला याचा गर्व होता, आणि का नसावा?

जग मात्र मेलं सगळं उंच माणसांच्या मापाचं! बँकेच्या खिडकीशी टाचा उंच करा, दुकानातला वरचा डबा परक्या माणसाकडून काढून घ्या. माहेरी तर साध्या बरणीसाठी स्टूल लागायचं. तिच्या मापाची अशी एकच जागा होती, तिचा ओटा. नवरा सुतार. घर बांधताना त्याने तिला सरळ उभं केलं, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला आणि गवंड्याला म्हणाला, "एवढाच." गवंड्याने कपाळाला हात लावला. "अहो, हा ओटा आहे की पाट?" पण ओटा तेवढाच झाला.

नवरा लांबडा, दोन्ही मुलगे त्याच्यावर गेलेले. या तिघांना तर हा ओटा पथ्यावरच पडला. भांडी घासायची वेळ आली की तिन्ही कमरा एकदम दुखायला लागायच्या. "आई, इतकं वाकवत नाही गं," असं म्हणून मुलांनी काखा वर केल्या, त्या मुलं कमावती झाली तरी वरच. आणि तीही वेडी, माझ्या ओट्यावर मीच राणी म्हणत सगळं घासत राहिली.

पुढे स्टिअरिंग फिरवून फिरवून तिचं उजवं मनगट धरलं. डॉक्टरांनी दम भरला, "भांडी घासणं बंद करा, नाहीतर बस सोडावी लागेल." बस सोडायची? छे! मग ओट्याखाली बसणारा डिशवॉशर घ्यायचं ठरलं आणि सगळं घर दुकानात गेलं.

विक्रेत्याने ओट्याचं माप ऐकलं आणि मान हलवली. "सगळ्यात बुटका डिशवॉशरसुद्धा याखाली जायचा नाही. ओटा वीतभर उचलावा लागेल."

"उचलू या की!" थोरला खूश झाला.

"आणि तुला छानसं स्टूल आणू," धाकटा म्हणाला.

कुणी तोंडात मारावी तसं झालं तिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपला मूग गिळून छताकडे बघत होता. ज्या माणसाने ओटा बांधला, त्याच्या तोंडून एक शब्द निघू नये? तिचं डोकं फिरलं.

"ओटा हलणार नाही," ती भर दुकानात म्हणाली. "मनगट गेलं तर जाऊ दे." आणि पर्स उचलून निघाली. रस्ताभर ती नवऱ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आली तर बेसिनशेजारचं उंच कपाट रिकामं झालेलं आणि नवरा हातात करवत घेऊन उभा. हे कपाट म्हणजे त्याचा जीव. वरपासून खालपर्यंत एकाच फळीचं दार, लाकडाच्या रेषा कुठे तुटायच्या नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की आधी चहा नाही, आधी कपाट.

"अहो, वेडबिड लागलंय का? हे कापणार?"

"डिशवॉशर ओट्याखालीच हवा असं कुणी सांगितलं? यात बसेल."

"मग काल तोंडाला कुलूप का लावलं होतं?"

"मनातल्या मनात कापून बघत होतो. आधी बोललो असतो आणि जमलं नसतं तर?" त्याने दारावरून हात फिरवला. "कपाट मी दुसरं करीन गं. ओटा तुझा आहे."

तिला रडूच आलं. पण त्याने पुढचं विचारलं तेव्हा रडू पळालं.

"कुठल्या उंचीला बसवू? तुझ्या कोपराशी?"

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नको," ती म्हणाली. "तुमच्या."

पुन्हा दुकानात गेले तेव्हा विक्रेता चकचकीत स्टीलचे डिशवॉशर पुढे करत होता. तिने एकाही चकचकीताकडे पाहिलं नाही. ज्याच्या तोंडावर आपली फळी लावता येते, असा बोडका डिशवॉशर तिने निवडला. सुताराने त्यावर दाराचा कापलेला तुकडा असा बसवला की रेषेला रेषा मिळाली. बघायला आलेल्या शेजारणीला तो सापडेचना, आणि सुताराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिल्या दिवशी जेवणं झाली. ती खुर्चीत आरामात बसली, मनगट मांडीवर. तिघे लांबडे ताठ उभे राहून ताटं जाळीत लावू लागले.

"कुणाची कंबर दुखतेय का?" तिने विचारलं.

कुणाचीच दुखत नव्हती. धाकट्याला मात्र राहवेना. शेवटचा पेला तिच्यापुढे धरून तो म्हणाला, "पहिला मान तुझा, आई. थांब, स्टूल आणतो."

"स्टूल?" ती उठून आपल्या ओट्याशी गेली आणि डाव्या हाताने तो पुसू लागली. "या घरात मी कधी स्टुलावर चढले नाही आणि चढणारही नाही. ठेव तूच."

धाकट्याने गुपचूप पेला वरच्या जाळीत ठेवला.