मास्तरांचा आतला खिसा

माझा धाकटा भाऊ शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. नाहीतर लहानपणी याचं नाक मीच पुसलंय. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला एक फरशी. अंगानं भरलेलं गिऱ्हाईक आलं की माप घ्यायला मास्तरांनाच बाहेर यावं लागे.

त्याच्या हातात एकच जादू होती. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची पाठ वाकलेली. याचा सदरा चढवला की काही दिसायचं नाही. त्याबद्दल कुणी कौतुक केलं की म्हणायचा, कापडाचं काम झाकायचं, बाकी थंडी-वाऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.

मग डोळे पिवळे झाले. पाठोपाठ खाज सुटली, ती अशी की लाकडी पट्टीनं पाठ, मांड्या ओरबाडायचा. गिऱ्हाइकाच्या कापडावर रक्ताचा ठिपका पडू नये म्हणून मांडीवर आपला पंचा अंथरून शिवायचा. भावजयीनं हात धरून दवाखान्यात नेला, मी मागोमाग.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पित्त वाहून नेणारी नळी एका गाठीनं दाबली होती, म्हणून पित्त तुंबून अंगभर पसरलं होतं. पोट फाडायचं नव्हतं. कुशीतून लांब सुई घालून यकृतापर्यंत बारीक नळी न्यायची, तुंबलेलं बाहेर पिशवीत उतरवायचं. कावीळ उतरली की गाठीवरचं औषध सुरू. त्याआधी नाही. म्हणजे आमचा सगळा जीव त्या पिशवीला टांगलेला.

तेवढाच भाग बधिर करून त्यांनी नळी घातली. मास्तर जागाच. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, एवढी सुई मी फक्त गादीवाल्याकडे बघितली होती." त्या रात्री किती दिवसांनी तो झोपला.

घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं, पिशवी कायम खाली लोंबती ठेवायची, नळी कुशीतून निघते त्याच्या वर न्यायची नाही. भावजय मान हलवत होती. मास्तरांचं लक्ष मात्र समोरच्या बाकावरच्या माणसावर होतं, आणि त्या माणसाचं पिशवीवर.

दुकान उघडायचं म्हटल्यावर त्यानं पिशवीसाठी सदऱ्याला आतून खिसा शिवला. मऊ अस्तराचा, वर झडप, नळीला बारीक चीर. आणि लावला कुठे, तर बगलेखाली छातीपाशी. त्याचा हिशेब शिंप्याचा होता: कमरेला सदरा अंगाला लागतो, तिथं फुगवटा दिसणार, वर तो सैल असतो. भावजयीनं त्याला गोल फिरवून बघितलं, काही दिसेना. मीही बघितलं. गिऱ्हाइकं तर म्हणाली, मास्तर, तब्येत सुधारली.

पिशवी कमी भरायला लागली. आम्हाला वाटलं, आजार हटतोय. भावजयीच्या हाताला चव परत आली.

मग एका दुपारी मशीनवरच त्याला हुडहुडी भरली. ताप असा की हात लावून मी मागे घेतला. दवाखान्यात त्याच नर्सनं सदऱ्याची बटणं सोडली आणि तिला खिसा सापडला. ती रागावली नाही. पिशवी काढून तिनं खाटेच्या खाली अडकवली, तसं गढूळ पित्त उतरायला लागलं.

"काका, हे कुणी शिवलं?"

"मीच."

"फार सुंदर शिवलंय," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून सलाईन बघत बसली.

पित्त उलटं तुंबून जंतू रक्तात गेले होते. तापातून तो उठला, पण निम्मा होऊन. पुढे डॉक्टरांनी त्याच वाटेनं आत तारेची जाळीदार नळी बसवली, पित्त आतल्या आत वाहायला लागलं, पिशवी सुटली. कावीळही उतरली. पण गाठीवरचं औषध आता हे शरीर पेलणार नाही, असं त्यांनी खाली बघून सांगितलं. गाठ तशीही दांडगी होती, खिशाला दोष देत बसू नका, असंही म्हणाले.

भावजय ऐकेना. "मला सांगितलं होतं हो वन्सं. माझ्या देखत सांगितलं होतं."

मास्तर तिला म्हणाला, "अगं, तू सांगितलं असतंस तरी मी तो तिथंच लावला असता."

खरं होतं की तिच्यासाठी म्हटलं, कोण जाणे.

नंतर तो दुकानात गेला नाही. दारात खुर्ची टाकून बनियनवर बसायचा. अंगावरचं पिवळं पार गेलेलं, खाज नाही, झोप लागायची. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, मास्तर, रंग उजळला, आता बरे झालात. तो हो म्हणायचा. भावजय चहाच्या निमित्तानं आत जायची आणि लवकर बाहेर यायची नाही.

तो गेला तेव्हा पापण्या मी मिटल्या. डोळे स्वच्छ पांढरे होते.