धक्क्यावरच्या चपला

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इटलीला जाऊन ती काही गोड झाली नाही.

कारेगावजवळच्या कंपनीनं मला तिकडं ट्रेनिंगला पाठवलं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि माझे वडील, आप्पा, तेव्हापासून गप्प गप्प असायचे. म्हणून ट्रेनिंग संपताना नवऱ्याबरोबर त्यांनाही बोलावून घेतलं. समुद्रकाठच्या एका लहान गावात आम्ही चार दिवस राहिलो. त्या गावात कुणालाच कसली घाई नव्हती. मलाच होती. तिसऱ्या दिवशी आप्पांचा चहा संपेना आणि बेटावर जाणारी सकाळची बोट गेली. तुम्हाला आणलं हेच चुकलं, असं मी बोलून गेले. आप्पांनी कप विसळून ठेवला.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर त्यांचा पलंग रिकामा. बाहेर सगळं गाव दुपारच्या झोपेत; दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारणार कुणाला, आणि कुठल्या भाषेत? नवरा स्टेशनकडं धावला, मी समुद्राकडं.

बोटीच्या धक्क्यावर आप्पांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. माणूस नव्हता.

आमच्याकडं विहिरीच्या काठावर नुसत्या चपला दिसल्या की लोक आधी दोर आणायला पळतात. पाण्यात वाकून बघायचं धाडस होईना. सकाळच्या त्या वाक्यासाठी जीभ हासडून टाकावीशी वाटली. मी नुसत्या हाका मारत सुटले.

मागून खोकल्याचा आवाज आला. पालथ्या घातलेल्या नावेच्या सावलीत आप्पा टोपी तोंडावर घेऊन पडले होते.

"वरडती कशाला? नंबर लावलाय," ते म्हणाले. "काल चारला उघडली व्हती खिडकी."

चपलांसमोरच तिकिटाची बंद खिडकी होती. मला इतका वेळ फक्त पाणी दिसत होतं. गावी रेशनच्या दुकानापुढं कुणी उन्हात उभं राहत नाही, रांगेत चपला ठेवून सावलीला बसतात. आप्पांनी तेच केलं होतं. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. तापलेल्या दगडांवरून अनवाणी चालून त्यांच्या तळव्यांना फोड आले होते.

मी रडत होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्यापायी तुमची बोट गेली. आता पयला नंबर तुमचा हाय. तुम्ही दोघं जावा, मी हितंच बसतो."

मी माझ्या चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांमागं ठेवल्या.