जानू येतो म्हणाला

आमच्या बोईसरात हॉकी कळणारे किती, असं विचाराल तर सांगतो, सगळेच. जन्मात हातात स्टिक धरली नसेल, पण पेनल्टी कॉर्नर कसा घ्यावा यावर पाऊण तास बोलतील. मीही त्यातलाच. मी नागोराव, मूळचा परभणीकडचा, सव्वीस वर्षं इथल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. गावाकडे आम्हाला कबड्डी ठाऊक, कुस्ती ठाऊक. हॉकी मला दाखवली ती जानू तांडेलनं. आणि त्याच जानूचं मी काय केलं ते आज ओकून टाकतो. ते दोघांनाच माहीत आहे, आणि दुसरा कधी बोलायचा नाही.

जानू इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. भावाच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. शाळेत एक खेळाचे मास्तर भेटले, त्यांनी हातात स्टिक दिली आणि हा गडी राज्यापर्यंत खेळून आला. रेल्वेनं निवड चाचणीला बोलावलं होतं, पण त्या आठवड्यात बोटीवर माणूस कमी होता म्हणून गेला नाही. कुणी हळहळलं की म्हणायचा, "मासा काय माजी वाट बघनार?" पुढे सोळा वर्षं त्यानं आमच्या क्लबच्या मुलींना फुकटात शिकवलं. दांडी-मुरब्याच्या कोळ्यांच्या पोरी आणि आमच्या कॉलनीतल्या कारखानावाल्यांच्या पोरी, एका टीममध्ये. डब्यात सुकट आणली म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या पोरी दोन महिन्यांत तीच सुकट भाकरीवर घेऊन खायच्या.

मैदान म्हणाल तर कॉलनीचं, दगडगोट्यांचं. चेंडू कुठे उडेल ते देवाला ठाऊक. म्हणून जानू सराव घ्यायचा दांडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीला. पाणी मागे गेलं की ओली वाळू रस्त्यासारखी कडक आणि सपाट पडते. चेंडू असा सरळ जातो की बघत राहावं. पण ओहोटी काही कंपनीच्या भोंग्यावर येत नाही. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज तीनला सराव, तर उद्या पावणेचारला, आठवड्यानं भलत्याच वेळी. शिफ्टवर जगणाऱ्या आम्हा लोकांचं डोकं फिरायचं. आमच्या पोरी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथी सांगायला शिकल्या. माझी स्वरा तर स्वयंपाकघरातून ओरडायची, "पप्पा, आज अष्टमी, बाराला निघायचं!" आमच्या घरात एकादशीला तरी कधी कुणी एवढा मान दिला होता का!

तीन वर्षं ओळीनं आमची टीम जिल्ह्याच्या सेमीफायनलला हरली. तिसऱ्या वेळी पालघरला हरली आणि मग बोईसरच्या हॉकीप्रेमींना कंठ फुटला.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होताच. त्यात आम्ही जानूला 'हेड कोच' म्हणायला लागलो. टीव्हीवर ऐकलेला शब्द. जणू याच्या हाताखाली आणखी दहा कोच उभे आहेत! 'हेड कोच जाणार का?' 'हेड कोचनंतर कोण?' दिवसाला दोनशे मेसेज. जानूकडे बटणांचा फोन, त्यामुळे तो ग्रुपमध्ये नव्हताच. ज्याची तिरडी बांधायची त्यालाच आमंत्रण नव्हतं.

संध्याकाळी नवापूर नाक्याच्या चहाच्या टपरीवर तोंडी कार्यक्रम. कमलेशचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, म्हणून तो स्वतःला सगळ्या यंत्रांचा डॉक्टर समजतो. तो म्हणायचा, "टीमचा पार्ट झिजला की बदलायचा. साधी गोष्ट." इंद्रजीत कारखान्यात सुपरवायझर, त्याला कागद लागतो. "सर्टिफिकेट कुठाय त्याच्याकडे? व्हिडिओ अ‍ॅनालिसिस कुठाय? नॅशनल टीमला परदेशी कोच असतो."

"मग आण ना परदेशी," नामदेव म्हणाला. नामदेव अणुऊर्जा केंद्रातून रिटायर झालेला, आमच्यात एकटा थंड डोक्याचा. "ठेवशील कुठे त्याला? तुझ्या वन आरकेमध्ये? सकाळी पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभा करशील हंडा घेऊन?"

सगळे हसले. पण कमलेशनं तोपर्यंत चिराग सरांचं नाव आणलंच होतं. वसईचे, सर्टिफिकेटवाले, टोपीवाले. सहा वाजता म्हणजे सहा वाजता सराव. "तिथी-बिथी नाही," कमलेश म्हणाला, "ही हॉकी आहे, सत्यनारायण नाही."

टपरीच्या पलीकडेच जानूची बायको हिरा सुके बोंबील विकायला बसते. आमचं एकूण एक बोलणं तिच्या कानावर. एकदा तिनं तराजू खाली ठेवला आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "ओ शेट, तो काय मेलाय काय? जित्ता हाय. घर ठावं हाय तुमाला. त्याच्या तोंडावर जाऊन बोला ना!" कमलेश चहाच्या ग्लासात बघायला लागला. मीही.

आता माझं ऐका. मी त्या टपरीवर सगळ्यात कमी बोलायचो आणि सगळ्यात जास्त जळायचो. कारण त्या सेमीफायनलला जानूनं माझ्या स्वराला हाफटाइमनंतर बाहेर बसवलं होतं. मी शिफ्ट बदलून, पुढच्या रांगेत, नव्या शर्टात बसलो होतो. गावाकडच्या भावाला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, बघ म्हटलं, पुतणी कशी खेळते. आणि त्यानं बघितलं काय, तर पुतणी बाकावर टॉवेल घेऊन बसलीय. मी जानूला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि कदाचित पटलंही असतं. मला पटवून घ्यायचं नव्हतं.

शेवटी ठरलं की बैठक घ्यायची, कोचला बोलवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग हात वर करून निकाल. नामदेवचाच आग्रह, "माणसाला एकदा बोलू द्या." शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी, म्हणून शुक्रवार. सगळ्यांना जमेल म्हणून दुपारी चार. कॉलनीचं समाजमंदिर. जानूला निरोप द्यायचं काम माझ्याकडे, कारण त्याचा नंबर माझ्याकडे होता.

गुरुवारी फोन लागला तेव्हा तो बोटीवर होता. वाऱ्याचा आवाज, मधेच तुटायचं. मी म्हटलं, उद्या चारला बैठक आहे, तुझ्यावरच आहे, ये.

"चार?" तो म्हणाला. "नागोराव, उद्या बारस तिथी हाय. चारला ठार सुकती. आमी दुपारचे येऊ, पन बोट खाडीच्या तोंडाशी थांबनार, आत पानीच नाय. सहा-साडेसहा करा. तेवडं सांगा त्यांना. मी येतो, नक्की येतो. मला बोलायचं हाय पोरींबद्दल."

मी म्हटलं, "सांगतो."

सांगायला काय लागत होतं? एक ओळ. 'बैठक साडेसहाला.' ग्रुप उघडला, टाइप केलं. कमलेशनं त्याच क्षणी टाकलं होतं, 'चिराग सर तयार आहेत.' खाली अंगठेच अंगठे. मी माझी ओळ खोडली. म्हटलं, उद्या तोंडी सांगू. खरं म्हणजे तेव्हाच मला माहीत होतं की मी सांगणार नाही.

बोईसरात सव्वीस वर्षं राहून मला भरती-ओहोटी कळत नाही असं कुणी म्हणू नये. त्या समाजमंदिरातल्या पस्तीस माणसांपैकी एकालाही सुचलं नाही की तांडेल माणसाला वेळ द्यायची तर आधी तिथी बघावी. त्यांचं एक सोडा, ते आले घाटावरून, उत्तरेतून, त्यांचं घड्याळ म्हणजे कंपनीचा भोंगा. पण मला कळत होतं. माझ्या घरात पोरगी रोज तेच तर बघत होती.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. पंखा फिरत होता, खुर्च्या करकरत होत्या. फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'.

"बघा," इंद्रजीत म्हणाला, "स्वतःच्या बैठकीला वेळेवर येत नाही, तो पोरींना काय शिस्त लावणार?"

"आधीच सोडायचं ठरवलं असेल," कमलेश म्हणाला. "न येणं म्हणजेच राजीनामा."

नामदेव उठला. थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "नागोराव, तुझं बोलणं झालं ना? काय म्हणाला तो?"

पस्तीस डोकी माझ्याकडे वळली. हाच तो क्षण. एक वाक्य पुरलं असतं, आणि जानू कोच राहिला असता, निदान त्याला तोंड उघडायला तरी मिळालं असतं.

मी म्हटलं, "येतो म्हणाला."

खोटं नव्हतं ना! म्हणूनच बोलायला सोपं गेलं.

"संपला विषय," कमलेश म्हणाला. हात वर झाले. एकतीस. त्यात माझा होता. नामदेवनं हात खालीच ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. चिराग सरांना फोन गेला, स्पीकरवर ठेवला, टाळ्या झाल्या. कुणीतरी पेढे आणलेच होते. म्हणजे आधीपासूनच आणले होते.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी जानू दारात उभा राहिला. बोट खाडीच्या तोंडाशी नांगरून, भावावर सोडून, चिखलातून चालत आला होता. मांड्यांपर्यंत काळा गाळ. चप्पल हातात. फरशी खराब होईल म्हणून दाराबाहेरच थांबला. आत पेढ्यांचा बॉक्स फिरत होता, आणि त्यावरून काय ते त्याला कळलं.

कमलेश हातातला पेढा खाली ठेवून म्हणाला, "जानूभाऊ, वाट बघितली आम्ही. चारची वेळ होती."

जानूनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. आता बोलेल, आता सगळ्यांसमोर माझी चामडी सोलेल. मला तर वाटत होतं, सोल बाबा, एकदाची सोल.

"माजीच चूक," तो म्हणाला. "उशीर झाला. माफी करा."

मग दारातूनच, जसा काही सरावच चालू आहे तसा, बोलायला लागला. "नव्या सरांना येवडं सांगा. भाविकाचा डावा गुडगा कच्चा हाय, तिला रोज पळवू नका. आनि नागोरावच्या स्वराला कडेला खेळवू नका. तिथं तिचे पाय कमी पडतात. मधी ठेवा. डोकं लय चालतं तिचं. मी या वर्षी तेच करनार होतो." भाविका म्हणजे त्याची पुतणी. तिच्या बरोबरीनं त्यानं माझ्या पोरीचं नाव घेतलं. तेवढं बोलून तो आला तसा गेला. दारात काळ्या पावलांचे ठसे. ते पुसायला कुणी उठलं नाही, वॉचमननं पुसले.

चिराग सर आले. सहा म्हणजे सहा. सकाळी सहाला बोईसरला पोचायचं तर दांडीच्या पोरींना रिक्षा मिळत नाही, मुरब्याच्या पोरींना तर एसटीही नाही. एकेक करत त्या गळाल्या. त्यातल्या दोघी आता आईबरोबर मासळी निवडतात. डिसेंबरात टीममध्ये अकरा भरताना नाकी नऊ आले. सरांनी स्वराला कडेलाच खेळवलं, कारण निरोप त्यांना कुणी दिलाच नव्हता. ते काम कुणाचं होतं, हे विचारू नका. पहिल्याच फेरीत पाच गोलनं हरलो. ग्रुपवर आता काय चाललंय माहीत आहे? 'हेड कोच जाणार का?' कमलेश म्हणतो, तारापूरला एक जण आहे, चांगला आहे म्हणे. थू त्याच्या, आणि थू माझ्या.

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. शिफ्ट सुटल्यावर सरळ दांडीला गेलो. मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं. म्हणणार होतो, जानू, तू सांगितलं होतंस, मी मुद्दाम बोललो नाही, स्वराला बसवलंस म्हणून जळत होतो, मार मला. जानू अंगणात फाटलेलं जाळं शिवत बसला होता. हिरा आत होती. मला बघून त्यानं बाजूची गोणी सरकवली. "बसा. स्वरा बरी हाय?"

"बरी आहे." "जानू, ती बैठक..."

त्यानं सुई थांबवली नाही. "इसरलात ना तुमी?" तो म्हणाला. "शिफ्टच्या घाईत. होतं तसं."

त्यानं दार उघडून धरलं होतं, खरं सांगायला मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "विसरलो बघ."

"मला ठावंच होतं," जानू म्हणाला आणि वळून आत हाक मारली. "हिरे, ऐकलंस? तू आनि भाविका उगीच त्या मानसाला शिव्या देत होता. इसरला तो. चहा टाक."

आतून भांड्याचा आवाज आला. थोड्या वेळानं हिरानं चहा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "माफ करा भाऊ. मी तुमाला लय वंगाळ बोलले."

मी तो चहा प्यालो. सगळा प्यालो.