पश्चिमेकडं फेकलेला घोट

चहाचा शेवटचा घोट आमचा म्हातारा नावाडी कधीच प्यायला नाही. कप घेऊन उठायचा, पश्चिमेकडं तोंड करायचा आणि घोट जमिनीवर भिरकावून म्हणायचा, "ह्यो त्याच्या वंशाला!" नवीन माणूस दचकायचा. आम्ही जुने लोक पाय तेवढे मागं घ्यायचो.

तेव्हा पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते. पवनेपलीकडच्या रहाटणीची माणसं आमच्या कंपनीत नावेनं कामाला यायची. ती नाव या कोकणातल्या म्हाताऱ्याच्या ताब्यात होती आणि मी काठावर हजेरी घ्यायचो. काठाशी एक काळा दगड होता. तो पाण्याखाली गेला की म्हातारा नाव बांधून टाकायचा. मग कुणीही सांगो, नाव सुटायची नाही.

वंश कुणाचा, असं मी एकदा विचारलं. म्हाताऱ्याचा आजा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. मालकाला बाजारात सगळ्यांच्या आधी माल उतरवायचा होता, म्हणून नारळी पौर्णिमेची वाट न बघता त्यानं गलबत बाहेर काढायला लावलं. ते खडकावर चढून फुटलं. खलाशी बुडाले, आजा एकटा वाचला. मालकानं गावभर केलं की तांडेल दारू प्यायला होता. पुढं त्या घरातल्या कुणाच्या हाती गावानं सुकाणू दिलं नाही.

"आजा माजा शुद्धीत होता," म्हातारा म्हणाला. पुढं कुठलीही गोष्ट निघाली तरी तो तिथंच येऊन थांबायचा.

एका पावसाळ्यात नवीन साहेब आला. त्या दिवशी दगड बुडालेला, रहाटणीची माणसं पलीकडं खोळंबलेली आणि साहेब इकडं चिडलेला.

"नाव सोड! आमच्या आजोबांची गलबतं होती. एक बुडवलं दारुड्या तांडेलानं, म्हणून आजोबा भिऊन बसले नाहीत."

"कंच्या बंदरात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

साहेबानं बंदराचं नाव सांगितलं. म्हातारा दोर सोडायला लागला.

"चला. पण तुमीबी बसायचं. तुमच्या आजानं गलबतात पाय ठेवला नव्हता."

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? साहेब बसला.

नदीच्या मध्यावर पाण्याखाली खडक होता. रोज तो टाळून नाव नेणाऱ्या म्हाताऱ्यानं त्या दिवशी ती नेमकी त्याच्यावर चढवली. नाव अडकली आणि एका अंगावर कलली. साहेबानं दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला. म्हाताऱ्यानं वल्हं मांडीवर घेतलं आणि तंबाखू मळायला लागला.

"बोला, तांडेल शुद्धीत होता. वरडून बोला. दोन्ही काठांना ऐकू गेलं पायजे."

साहेब ओरडला. म्हाताऱ्यानं पुन्हा ओरडायला लावलं, घसा बसेपर्यंत. मग वल्ह्यानं रेटून नाव मोकळी केली आणि साहेबाला हात देऊन परत आमच्याच काठावर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला कामावरून काढलं. कारण साहेबानं वर सांगितलं होतं: नावाडी दारू प्यायला होता.

मला वाटलं, आता हा कुणाचा तरी जीव घेणार. पण तो माझ्याशेजारी येऊन बसला. "बघितलंस? तीच जीभ," म्हणाला. मी चहा मागवला. त्यानं तोंडाला न लावता अख्खा कप फेकला, बोचकं उचललं आणि गेला.

पूर ओसरल्यावर रहाटणीची माणसं नव्या नावाड्याबरोबर कामावर आली. साहेब काठावर उभा होता. नावेतनं पहिलाच गडी उतरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "रामराम साहेब! आमचा नावाडी शुद्धीत व्हता."

"व्हय, आजाबी शुद्धीत व्हता!" मागचा म्हणाला.

तेव्हापासून रोज तेच. फाटकात, कँटीनमध्ये, जिन्यावर. साहेबानं मला नावं लिहून द्यायला सांगितली. "सगळ्यांचीच लिहू?" मी विचारलं. शेवटी त्यानं मुंबईला बदली मागून घेतली. मला आनंद झाला, अगदी पोटभर.

हे ऐकायला म्हातारा हवा होता. कोकणात जाणाऱ्या एका ट्रकवाल्याजवळ निरोप दिला, पण उत्तर आलं नाही.

साहेब गेला त्या दुपारी मी चहा घेतला. शेवटचा घोट उरला तेव्हा उठलो आणि पश्चिमेकडं तोंड केलं. शेजारच्यांनी न सांगता पाय मागं घेतले.